मनगटाचं ऑपरेशन झालंय आणि विणायचंय? आधी लडीचा विचार करा

दिवाळी सरली की ग्वाल्हेरच्या घराघरांत माळ्यावरच्या लोकरीच्या पिशव्या खाली येतात. मनगटाचं ऑपरेशन झालेल्या बायका याच दिवसांत डॉक्टरांना विचारतात, "आता विणलं तर चालेल का?" लडी सोडवून गुंडा करू का, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यात काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की बऱ्या होत असलेल्या मनगटाला विणण्यापेक्षा गुंडा करणं जास्त महागात पडतं.

साधा हिशेब करून बघा. डीके म्हणजे मध्यम जाडीच्या 100 ग्रॅम लोकरीत साधारण 200 ते 250 मीटर धागा असतो. हाताने केलेल्या गुंड्याचा एक वेढा सरासरी 25 सेंटिमीटरचा धरला, तर एका लडीचे 800 ते 1000 वेढे होतात. प्रत्येक वेढ्याला एक मनगट गोल फिरतं आणि दुसऱ्या हाताची बोटं गुंडा चिमटीत धरून तो थोडा थोडा वळवत राहतात. म्हणजे ऑपरेशन कुठल्याही हाताचं असो, सुटका नाही. शिवाय विणकाम ओळ संपली की खाली ठेवता येतं. अर्धी सुटलेली लडी तशी टाकून उठवत नाही. "एवढी संपवूनच उठते" म्हणत अर्धा तास जातो, आणि दुसऱ्या दिवशी हात सुजलेला असतो.

ऑपरेशन कुठलं झालंय त्यावरही बरंच अवलंबून आहे. कार्पल टनेल म्हणजे मनगटातला अरुंद बोगदा. त्याच्या ऑपरेशनात मनगटापुढे, तळहाताच्या बुडाशी असलेला आडवा बंध कापून त्यातून जाणाऱ्या नसेवरचा (मीडियन नर्व्ह) दाब काढतात. जखमेचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. बोटं मात्र पहिल्यापासून हलवायला सांगतात. पुढचे दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, तळहाताच्या बुडाशी अंगठ्याकडच्या आणि करंगळीकडच्या उंचवट्यांवर दाब पडला की दुखतं. लांब सरळ सुईचं टोक आणि वाइंडरचा, म्हणजे गुंडा करायच्या यंत्राचा, दांडा नेमके तिथेच रुततात. हाड मोडून प्लेट बसवली असेल तर हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि तळहात वर वळवण्याची हालचाल बऱ्याचदा सगळ्यात उशिरा परत येते. गुंडा फिरवायला तीच लागते. डी क्वेर्वेनच्या ऑपरेशनात अंगठ्याकडच्या स्नायुबंधांवरचं आवरण मोकळं करतात. तिथे चिमूट आणि अंगठा ताणणं हेच त्रासाचं. अंगठ्याभोवती धागा गुंडाळून मधून सुटणारा गुंडा करायची पद्धत अशा हाताने पूर्ण बरं होईपर्यंत विसरायची.

कधी सुरू करायचं हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्टच सांगतील. पण त्यांना नुसतं "विणकाम" असं सांगू नका. त्यांच्यासमोर रिकाम्या हातांनी गुंडा करण्याची हालचाल करून दाखवा, मग सुया धरल्यासारखी. दोन्हींचं उत्तर वेगळं येण्याची बरीच शक्यता आहे.

आता लडीकडे येऊ. लडी म्हणजे धाग्याचं मोठं कडं, पीळ देऊन स्वतःतच अडकवलेलं. ते तसंच ठेवून टोकापासून विणायला घेतलं तर काही ओळींतच गुंता होतो, कारण वेढ्यांना जागेवर धरून ठेवणारं काही उरत नाही. आधी पीळ उलगडून कडं मोकळं करायचं. दोन्ही हात आत घालून झटका देतात ना, वेढे सरळ व्हावेत म्हणून, तो झटका ऑपरेशनवाल्या हाताने द्यायचा नाही. लडी दाराच्या मुठीला अडकवा आणि चांगल्या हाताने दोन-तीनदा हलकेच ओढा, तेवढं पुरतं. मग बांधलेले दोरे शोधा. सहसा तीन-चार असतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढ्यांमधून फिरवलेले. त्यातल्या एका ठिकाणी लडीची दोन्ही टोकंही बांधलेली असतात. ते सगळ्यात शेवटी कापायचं. घाईत आधी तेच कापलं की टोकं वेढ्यांत शिरतात आणि शोधताना सगळं विस्कटतं.

समोर कुणीतरी दोन्ही हातांवर लडी ताणून धरायची ही आपल्या घरातली जुनी रीत. ज्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालंय त्याने हे धरणाऱ्याचं कामही करू नये. वजन काहीच नसतं, पण मनगट मागे वाकवून दहा-पंधरा मिनिटं एकाच जागी ठेवावं लागतं. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की त्या अरुंद बोगद्यातला दाब वाढतो. ते सरळ रेषेत असतं तेव्हा दाब सगळ्यात कमी. हे एकच तत्त्व लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

लडीसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे छत्रीसारखी उघडणारी चरखी, जिला विणणारे स्विफ्ट म्हणतात, आणि तिच्यासमोर बॉल वाइंडर. दोन्ही टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळतात. तो स्क्रू दुसऱ्या कुणाकडून आवळून घ्या, कारण जोर लावून पिळायची ती हालचाल सगळ्यात वाईट. दोन्हींमध्ये एक-दीड मीटर अंतर ठेवा. धागा वाइंडरच्या कडीतून ओवून मगच वर खाचेत अडकवा; कडी चुकली तर धागा खाली दातेरी चाकात जातो. दांडा चांगल्या हाताने, खांद्यातून फिरवायचा, आणि हळू. जोरात फिरवलं तर चरखी आपल्या वेगाने पुढे पळते, धागा सैल पडतो आणि तिच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो. घरगुती वाइंडरवर साधारण 100 ग्रॅमच मावतात. त्यापेक्षा जास्त भरलं की वरचे वेढे घसरून खाली येतात.

चरखी नसेल तर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, लडी दोन्ही पाठींवर घाला आणि खुर्च्या एकमेकींपासून इतक्याच दूर सरकवा की लडी लोंबणार नाही आणि ताणलीही जाणार नाही. खुर्च्या हलक्या असतील तर बसायच्या जागी पिठाची पिशवी ठेवा. उचलायचं काम अर्थात दुसऱ्याचं. एरवी गुंडा करताना आपण दोन्ही हात गुंतवतो. इथे लाटणं वापरा. खुर्चीवर बसून लाटणं उभं करून गुडघ्यांत घट्ट धरायचं, धाग्याचं टोक वरच्या मुठीला सैलसर बांधायचं आणि चांगल्या हाताने तिरपे वेढे घालायचे. दहा-बारा वेढ्यांनी लाटणं थोडं फिरवलं की गुंडा सगळीकडून सारखा भरतो. ऑपरेशनवाला हात मांडीवरच्या उशीवर निवांत. शेवटी टोक सोडून गुंडा वर ओढून काढला की धागा मधून सुटतो आणि विणताना गुंडा जागचा हलत नाही. हाही फायदाच, कारण घरंगळणाऱ्या गुंड्याला दर मिनिटाला बसणारा हिसका मनगटालाच जाणवतो.

पण चांगल्या हातालाही हजार वेढे एका बैठकीत देऊ नका. सध्या सगळ्या घराचं काम तोच करतोय. 25 ग्रॅम झाले की थांबा. उरलेली लडी चार जागी दुसऱ्या रंगाच्या धाग्याने सैल बांधा आणि पीळ न घालता कापडी पिशवीत आडवी ठेवून द्या.

धागा अडकला तर ओढू नका. ओढल्याने आतला फास आवळतो. लडी चरखीवरून न काढता बोटांनी वेढे पसरवा. अडकलेला धागा बहुतेक वेळा एखाद्या शेजारच्या वेढ्याखालून गेलेला असतो, तो वरून मोकळा करा. दर वेढ्याला अडकत असेल तर चुकीचं टोक धरलंय असं समजा आणि दुसऱ्या टोकापासून सुरू करा. हाताने रंगवलेल्या लोकरीत वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथे गती आणखी कमी. पाच मिनिटांत सुटत नाही तो गुंता कात्रीने तोडावा, असं माझं ठाम मत आहे. दोन टोकं जोडायला पाच-सहा टाके दोन्ही धागे एकत्र धरून विणले की झालं. शुद्ध लोकरीची टोकं ओली करून तळहातांत घासून जोडायची पद्धत सुंदर आहे, पण तीही सध्या नको. ॲक्रिलिकची टोकं तशी जुळतही नाहीत.

गुंडा सैलच हवा. वेढे घालताना दोन बोटं धाग्याखाली ठेवून मग ती काढून घ्यायची, तेवढी ढील पुरते. लोकर लवचीक असते. घट्ट गुंडाळली की ताणलेली राहते. त्या ताणलेल्या धाग्याने विणलेलं कापड पहिल्या धुण्यात आखडतं, आणि माप बरोबर घेऊनही स्वेटर तोकडा होतो. शिवाय घट्ट गुंड्यातून धागा सुटताना प्रत्येक टाक्याला थोडा जास्त जोर लागतो. मदतीला बसलेल्या मुलाला किंवा सासूबाईंना एवढंच सांगा, की गुंडा दाबला तर बोट सहज आत गेलं पाहिजे.

जुना स्वेटर उसवून लोकर काढणार असाल तर तिला नागमोडी वळणं पडलेली असतात. ती थेट गुंड्यात गेली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीवर लडी करून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा. ओली लोकर पिळायची नाही, लोकरीसाठी नाही आणि हातासाठी तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पाय देऊन उभं राहा, पाणी निघतं. सावलीत वाळत घाला, वजन लटकवू नका. ॲक्रिलिकची वळणं नुसत्या भिजवण्याने नीट जात नाहीत.

सुयांबद्दल थोडक्यात. सरळ लांब सुयांवर सगळ्या कापडाचा भार टोकाशी लोंबतो, आणि तो मनगटाला तोलून धरावा लागतो. गोल सुईवर तोच भार मांडीवर येतो, म्हणून सपाट मफलरसुद्धा गोल सुईवर पुढे-मागे विणावा. जाडी 7 नंबर, म्हणजे 4.5 मिमी. जितकी जाड सुई तितकं सोपं, असं वाटतं. पण 8 मिमीच्या वरच्या सुया धरायला आणि वळवायला जास्त जोर घेतात. जानेवारीत ग्वाल्हेरच्या थंडीत ॲल्युमिनियमची सुई हाताला बोचते. लाकडी किंवा बांबूची घ्या. सुती धागा या काळात टाळा. तो फारसा ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्येक टाक्याला बोटं ओढावी लागतात. उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर धागा डाव्या हातात धरून विणायला शिका, उजव्या मनगटाचं फिरणं बरंच कमी होतं. क्रोशे सगळ्यात शेवटी सुरू करा, कारण आकड्याचा हात दर टाक्याला वळतो.

जखम पूर्ण भरेपर्यंत, खपली गळेपर्यंत, लोकर तिच्या जवळ नेऊ नका. मोहेरसारख्या केसाळ धाग्याचे तंतू ओल्या जखमेला चिकटतात.

सुरुवात 30 टाक्यांनी करा, सगळ्या ओळी सुलट. साधारण 16 सेंटिमीटर रुंदीचा मफलर होतो आणि 150 ग्रॅम लोकर भरपूर होते. टाके सैल घाला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, गजर लावून. वेळ दुपारची, बारा ते तीन, गच्चीवर ऊन असताना; पहाटेच्या धुक्यात आखडलेल्या बोटांनी नाही. मेळ्यापर्यंत स्वेटर हवाच, अशी घाई यंदा नको. ग्वाल्हेरचा मेळा 1905 पासून भरतोय, पुढच्या वर्षीही भरेल.

विणून झाल्यावर तासाभरात दुखणं ओसरलं आणि दुसऱ्या सकाळी बोटं नेहमीइतकीच मोकळी असली, तर दोन-तीन दिवसांनी आणखी पाच मिनिटं वाढवा. सकाळी हात जड, ताठर असेल तर वेळ निम्मी करा. सूज वाढत चालली, जळजळ होऊ लागली, हाताचा रंग किंवा उष्णता बदलली, मुंग्या परत आल्या, तर विणकाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पाच मिनिटांची वीस मिनिटं त्रासाविना व्हायला लागली की मगच आपल्या हाताने गुंडा करायचा विषय फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा काढा, आणि तोही 25 ग्रॅमचा.