सुएन्यो

दुपारच्या जेवणानंतर परकी भाषा शिकायला बसणे हा मुळातच अविचार आहे, पण माझ्या दिवसात तेवढीच वेळ रिकामी सापडते. परवा अशाच जडावलेल्या दुपारी स्पॅनिशच्या पुस्तकात ‘तेंगो सुएन्यो’ हे वाक्य आले: मला झोप येते आहे. इतके प्रसंगोचित वाक्य मी त्या भाषेत अद्याप वाचले नव्हते. दोन ओळी खाली मात्र हाच ‘सुएन्यो’ स्वप्न होऊन बसला होता. रात्री लागते ती झोप आणि त्या झोपेत पडते ते स्वप्न, दोहोंसाठी स्पॅनिश माणसाला एकच नाम पुरते.

लॅटिनमध्ये झोप ‘सोम्नुस’ होती आणि स्वप्न ‘सोम्निउम’. लोकांच्या तोंडी झिजत झिजत दोन्ही शब्द एकाच रूपाला येऊन मिळाले. क्रियापदे तेवढी वेगळी राहिली. त्यांतल्या स्वप्न पाहण्याच्या ‘सोन्यार’ला ‘कोन’, म्हणजे ‘सह’, हे अव्यय लागते; तेथे एखाद्या माणसाचे स्वप्न पाहायचे ते त्याच्यासह पाहायचे. आपल्याकडे तो माणूस आपणहून स्वप्नात येतो आणि आपण नुसते पडून असतो. मला आपली सोय अधिक आवडते, कारण तीत आपल्यावर कसलीच जबाबदारी येत नाही.

‘सोम्नुस’ आणि आपला ‘स्वप्न’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि संस्कृतातही ‘स्वप्न’ म्हणजे झोप होतेच. हे मला आजोबांनी फार पूर्वी ऐकवले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माजघरातल्या गार शहाबादी फरशीवर आम्ही मुले ओळीने झोपलेली असू, आणि चहाची वेळ झाली की आजोबा डोळ्यांवरचा ओला पंचा बाजूला करून, ‘न चातिस्वप्नशीलस्य’ असे खड्या आवाजात म्हणत एकेकाची उशी ओढून काढीत. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातला निर्णय त्यांना तोंडपाठ होता. त्याच श्लोकात पुढे, सतत जागणाऱ्यालाही तो साधत नाही, असे म्हटले आहे; पण तेवढा भाग सांगण्याची गरज त्यांना कधी भासली नाही. स्वप्न म्हणजे नुसती झोप, हे तेव्हा मनाला मुळीच पटले नव्हते.

या एका शब्दावर स्पेनमध्ये मोठे कोडे उभे आहे. तिथल्या गोया या चित्रकाराने 1799 साली ‘काप्रिचोस’ नावाची 80 चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातल्या 43 व्या चित्रात एक माणूस मेजावर डोके टेकून झोपला आहे आणि त्याच्या पाठीमागे घुबडे आणि वटवाघळे दाटली आहेत. मेजाच्या अंगावर लिहिले आहे की, बुद्धीचा ‘सुएन्यो’ राक्षस निर्माण करतो. येथे झोप घ्यावी की स्वप्न? झोप घेतली तर प्रश्न सोपा आहे. कोणीतरी येऊन उशी ओढावी आणि बुद्धीला जागे करावे, म्हणजे राक्षस पळतील. स्वप्न घेतले तर मात्र ते राक्षस बुद्धीचीच निर्मिती ठरतात. शहाण्यासुरत्या माणसांनी पूर्ण शुद्धीत आखलेल्या, कागदावर निर्दोष दिसणाऱ्या ज्या योजनांनी माणसे देशोधडीला लागली, त्या आठवल्या की मला दुसराच अर्थ खरा वाटतो.