नागपूरची ऑडिशन आणि चौकातला फ्लेक्स

माझी लेक 12 वर्षांची. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर ती खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणते. तिच्या मामानं एक व्हिडिओ गाण्याच्या रिॲलिटी शोसाठी पाठवला आणि नागपूरच्या ऑडिशनचा मेसेज आला.

त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. 'विदर्भाची गानकन्या', गॅदरिंगमधला तिचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून अकरा पोरांचे चेहरे. तिनं अजून एक ओळही गायली नव्हती. मी नको म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे वं, गावाले आनंद होते." आमच्या भागात ही आशा लवकर पेटते. शाळेत खिचडी शिजवून महिन्याला 1500 रुपये मिळवणाऱ्या बबिता ताडे अंजनगाव सुर्जीच्याच. त्यांनी 2019 मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त 1 कोटी जिंकले. तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यासाठी 15 प्रश्नांची उत्तरं यावी लागली, हे कोणी बोलत नाही.

आदल्या दिवशी एसटीनं अमरावती, तिथून नागपूर. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून तेवढं झेपलं. पहाटे साडेपाचला पोचलो तरी रांग गेटबाहेर होती. आधार, जन्मदाखला, फोटो तपासून छातीवर नंबर चिकटवला. जाणाऱ्यांनी लेकराला एक आधीच सांगावं: टीव्हीवरचे परीक्षक तिथं नसतात. आम्हाला तरी एक खोली, दोन माणसं आणि एक कॅमेरा एवढंच दिसलं. पेटी नाही, तबला नाही, मुखडा आणि अंतरा. त्यासाठी सहा तास बसलो. पायरीवर एक चिमुरडी झोपली होती, तिचा बाप तिला हलवून हलवून रियाज करायला लावत होता. मला बघवत नव्हतं.

संमतिपत्र इंग्रजीत. मी पानांचे फोटो शाळेतल्या सरांना पाठवले. ते म्हणाले, चित्रित केलेलं सगळं त्यांचं, हवं तसं कापून वापरतील. त्यांनीच बालकामगार कायद्याचे 2017 चे नियमही सांगितले: 14 वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत. सही करण्याआधी हे विचारून घ्या.

पहिली फेरी पास झाली. मग एक मुलगी वही घेऊन आली. तिला आमची 'स्टोरी' हवी होती. शेती किती, कर्ज किती, घरात कोणी आत्महत्या केली का? विदर्भाचे म्हटल्यावर हे विचारतातच, असं ती अगदी सहज म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "खंजिरी कोणाची गं?"

"मोठ्या बाबाची."

"ते काय करतात?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. माझ्या थोरल्या दिरांनी विष घेतलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. हे हवालदिल होऊन माझ्याकडे पाहत होते. खरं सांगितलं तर पोरीचं काम होईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण ते दुःख माझ्या जाऊबाईचं आहे. तिनं आजवर कोणापुढं तोंड उघडलेलं नाही, आणि मी ते तिला न विचारता कॅमेऱ्यासमोर मांडू?

"शेती करायचे," मी म्हणाले. पुढं काही बोलले नाही.

दुसऱ्या खोलीत लेक गायली. "कळवतो" म्हणाले, पण फोन आला नाही. गोष्ट दिली नाही म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही. आमच्यामागचा यवतमाळचा पोरगा दाराआडूनही तिच्यापेक्षा सरस ऐकू येत होता.

खरं सोसावं लागलं ते गावात आल्यावर. फ्लेक्स तसाच होता. "टीव्हीवर कधी येतं वं?" असं जो तो विचारी. लेक मागच्या बोळातून शाळेत जायला लागली, प्रार्थनेला यायची बंद झाली. लावणाऱ्या पोरांना दोनदा सांगितलं, कोणी हललं नाही. शेवटी ह्यांनीच रात्री दोऱ्या कापून फ्लेक्स घरी आणला.

परतीचा पाऊस आला तेव्हा सोयाबीनची गंजी उघडी होती. ताडपत्री पुरेना, म्हणून फ्लेक्स ओढला. एका कोपऱ्यावर जाऊबाईनं दगड ठेवला. लेक धावत आली.

"बाबा, माया फोटो आतून करा न."

ह्यांनी फ्लेक्स पालटला.