फोटोत न आलेली लाईन

साताऱ्यात लहान मुलांचे फोटो काढण्याचा व्यवसाय मी गेली बारा वर्षे करतो. पुणे–मिरज रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाचे काम आमच्या भागात चालू होते, त्या काळातला हा प्रसंग आहे. माझ्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर तेव्हा एक मोठा फोटो लावलेला असे. त्यात रुळावर बसलेली चार वर्षांची मुलगी, शेजारी पत्र्याची जुनी ट्रंक आणि मागे धूसर होत गेलेले पिवळे गवत होते. तो पाहूनच एक दांपत्य आले आणि आपली पाच वर्षांची मुलगी व अडीच वर्षांचा मुलगा यांचा ‘अगदी असाच’ फोटो हवा म्हणाले.

जागा मीच सुचवली. कोरेगावच्या पुढे जुन्या लाईनशेजारी नवी लाईन अंथरून झाली होती, पण तिच्यावरून गाड्या सुरू झालेल्या नव्हत्या. रुळांवर तांबूस गंज चढला होता आणि गंजलेला रूळ फोटोत चकचकीत रुळापेक्षा उठून दिसतो, एवढाच माझा हिशेब होता. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत पाय ठेवता येत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण बंद लाईनवर कोण विचारायला येणार, अशी मी स्वतःची समजूत काढली होती.

जानेवारीतली सकाळ होती आणि साडेसातचे कोवळे ऊन तिरपे पडत होते. खडीवर पालथा पडून, १३५ मिलिमीटरच्या लेन्सला डोळा लावून मी धाकट्याला नजर वर करायला सांगत होतो आणि तो मात्र खडीतले दगड एकेक उचलून ताईच्या फ्रॉकच्या घोळात ठेवण्यात गुंग होता. वडील माझ्या डाव्या हाताला उभे होते, आई बांधावर बसून मुलांचे दुसरे कपडे बाहेर काढत होती. म्हणजे मोठी डोकी तीन, आणि सगळीच मुलांकडे वळलेली. लाईनीकडे एकही नाही.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, ‘‘फोटोवाले, लेकरं उचला आधी. मग काय बोलायचं ते बोला.’’ नारंगी जाकीट घातलेला, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि हातात गुंडाळलेली लाल झेंडी घेतलेला कीमन, म्हणजे रूळ तपासणारा रेल्वे कर्मचारी, आपल्या रोजच्या पायी गस्तीवर निघाला होता. मी उठून ‘‘ही लाईन तर बंद आहे’’ असे सांगायला लागलो आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी वळणावरच्या उसाआडून जुन्या लाईनीवर गाडी आली.

मुलगी घाबरून आईकडे पळाली. धाकटा मात्र ‘‘झुकझुकगाडी!’’ असे ओरडत हात पसरून सरळ गाडीच्या दिशेने धावत सुटला. गाडी पाहिल्यावर मूल मागे सरेल, असे मी गृहीत धरले होते. अडीच वर्षांच्या मुलाला गाडी म्हणजे गोष्टीतली ओळखीची वस्तू असते. तिची भीती त्याला वाटावी तरी कशी? वडिलांनी पाचव्या-सहाव्या पावलावर त्याच्या शर्टाची कॉलर पकडली आणि त्याला घेऊन ते खडीवरच बसले. गाडी निघून जाईपर्यंत धूळ आणि बारीक कचरा आमच्या तोंडावर येत होता.

ते वळण आमच्यापासून जेमतेम तीनशे मीटरवर होते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते, म्हणजे आमच्या हाताशी दहा-अकरा सेकंद. आणि तेवढ्या अंतरात ब्रेक लावून ती थांबवणे चालकाच्या हातात नसते. दुसरे असे की, दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, तर डब्याची रुंदी जवळजवळ सव्वातीन मीटर. रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना सुमारे पाऊण मीटर डबा असतो. हे आकडे मी नंतर वाचले. रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १४७ देखील नंतरच वाचले. अनधिकृत प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कीमनने यातले काही ऐकवले नाही. नव्या लाईनीवर खडीची गाडी किंवा कामाचे इंजिन कधीही येते, त्याला वेळापत्रक नसते, एवढेच तो म्हणाला.

निघताना त्याने विचारले, ‘‘काय काढलंय ते दाखवा की.’’ मी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘‘ह्यात आमची चालू लाईन कुठं दिसतच न्हाई.’’ खरेच दिसत नव्हती. लेन्सने ती पुसून टाकली होती. मागे नुसता मऊ, सोनेरी धूसरपणा उरला होता. भिंतीवरच्या फोटोतही मागे एक चालू लाईन होती, हे मला त्या क्षणी आठवले. तो पाहून आलेल्या या आईवडिलांना ती दिसणार कुठून?

त्या दिवशीचे उरलेले फोटो आम्ही अर्धा किलोमीटर अलीकडे, हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर काढले. संध्याकाळी भिंतीवरचा फोटो मी उतरवला. रुळांवरचे फोटो मी त्या आईवडिलांना दिले नाहीत, त्यांनीही मागितले नाहीत. त्यांनी मोठा करून घेतला तो बांधावरचा. त्यात धाकट्याच्या उजव्या मुठीत रेल्वेच्या खडीतला एक काळा दगड आहे, जो त्याने घरी पोहोचेपर्यंत कोणालाही दिला नव्हता.