मड फीव्हर: मागच्या पायांचं अपडेट

मंडळी, माझ्या घोडीला मड फीव्हर झालाय, म्हणजे सतत ओल आणि चिखलामुळे पायाच्या कातडीला होणारं इन्फेक्शन, त्यात खपल्या धरतात. तिच्या पायांचं अपडेट देतोय. मागचा उजवा पाय जवळजवळ बरा झालाय, डाव्या पायाला खुराच्या मागे जी खळी असते तिथं अजून एक-दोन चिवट खपल्या आहेत, पण सूज पूर्ण उतरलीय आणि मुख्य म्हणजे हात लावला की झटकन पाय उचलून घ्यायची ते बंद झालंय. चालही मोकळी आहे. व्हेटनी पाय बघून औषध कमी करत आणायला सांगितलंय, त्यामुळे आत्तापर्यंत काय काय केलं ते सविस्तर लिहून ठेवतो, ज्यांच्याकडे पांढऱ्या पायांचे घोडे आहेत त्यांना तरी नक्की उपयोग होईल.

पांढऱ्या पायांचं मुद्दाम म्हणतोय कारण हिचे पुढचे पाय काळे आहेत आणि मागचे पांढरे, चारही पाय एकाच चिखलात उभे, आणि खपल्या धरल्या फक्त मागच्यांना. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी नाजूक असते, उन्हालाही आणि ओलीलाही. पायावर दाट लांब केस असलेल्या जातींनाही हा त्रास जास्त होतो कारण केसांच्या आत ओल तशीच कोंडून राहते.

बऱ्याच केसेसमध्ये यामागे डर्माटोफिलस कॉंगोलेन्सिस नावाचा जिवाणू असतो. धडधाकट कातडीत त्याला सहज शिरता येत नाही. पण पाय सतत ओले राहिले की कातडी मऊ पडते, त्यावर माती-वाळू घासली की बारीक चिरा पडतात आणि तिथून तो आत जातो. शिवाय ओल मिळाली की त्याचे बीजाणू सुटतात आणि ते पाण्यात चक्क पोहत पुढे सरकतात, म्हणजे पायावरचं पाणी हाच त्याचा रस्ता. पावसात भिजणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर खपल्या येतात तो रेन स्काल्डही याच जंतूचा. मग एकदा कातडी फुटली की स्टॅफिलोकोकससारखे बाकीचे जंतूही घुसतात आणि प्रकरण चिघळतं.

हे कळल्यावर माझं मत पक्कं झालं की औषध दुसऱ्या नंबरला, कोरडं करणं पहिल्या नंबरला. क्रीम कुठलं लावलं, स्क्रब कुठलं वापरलं हे सगळे विचारतात, पाय पुसला कसा आणि सुकला किती वेळात हे कुणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथंच आहे.

तर आमचं रुटीन असं होतं. आधी तिला चिखलातून पूर्ण बाहेर काढलं, कोरड्या जागी, खाली स्वच्छ कोरडा पेंढा आणि ओला झालेला भाग लगेच उचलायचा. मग खराब भागावरचे केस क्लिपरने बारीक केले. केस काढायचे का ठेवायचे यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, निरोगी पायावरचे केस पाणी खाली ओघळायला मदत करतात हे मलाही पटतं, पण जखम झालेली असताना केस ठेवले तर आत काय चाललंय ते दिसतच नाही आणि पाय सुकतही नाही. क्लिपरचं ब्लेड नंतर निर्जंतुक करून ठेवायचं, नाहीतर तेच ब्लेड पुढच्या घोड्याला आजार देईल.

खपल्यांबद्दल जरा जास्त लिहितो. खपली मऊ करून काढली की तिच्यासोबत केसांचा झुपका मुळासकट येतो, दिसायला अगदी रंगाच्या छोट्या ब्रशसारखा, खालची बाजू ओली, थोडी खोलगट आणि कडेला पिवळट पू. पायावर मागे राहते ती गुलाबी, ओलसर, लगेच रक्त येईल अशी कातडी. हा जंतू हवेपासून आडोसा मिळाला की खुश असतो आणि खपलीखाली त्याला नेमकं तेच मिळतं, म्हणून खपली निघणं गरजेचं आहे. पण कोरडी खपली ओढून काढायची नाही म्हणजे नाही. घोड्याला भयंकर दुखतं, नवीन जखम होते आणि पुढच्या वेळी तो पायाला हातच लावू देत नाही, लाथ बसायची ती वेगळीच. आम्ही व्हेटनी दिलेलं मलम जाड थरात लावून वर हलकं ड्रेसिंग बांधून ठेवायचो, खपली मऊ झाली की ती बोटाच्या हलक्या दाबाने आपोआप सुटायची. जी सुटत नाही ती तशीच ठेवायची, आज नाही तर उद्या निघेल. काढलेल्या खपल्या तिथंच जमिनीवर टाकायच्या नाहीत, त्यात जंतू महिनोन्महिने जिवंत राहतो. पिशवीत भरून टाकून द्यायच्या. आणि हातात ग्लोव्हज हवेतच, हा जंतू माणसाच्या कातडीलाही लागू शकतो.

धुण्यासाठी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं स्क्रब, व्हेटनी सांगितलं तितकं पातळ करून, कोमट पाण्यात. फेस करून साधारण १० मिनिटं पायावर राहू द्यायचा, लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. मग भरपूर पाण्याने पूर्ण काढून टाकायचं कारण राहिलेलं स्क्रब स्वतःच कातडीला त्रास देतं. आणि मग पुसणं. स्वच्छ टॉवेल, प्रत्येक पायाला वेगळा, चोळायचं नाही तर दाबून दाबून पाणी टिपायचं, खुरामागच्या खळीत बोटाने टॉवेल घालून टिपायचं, तिथंच पाणी सगळ्यात जास्त साठतं. ड्रायर चालू केला की सुरुवातीला ती बिचकायची म्हणून आधी लांबूनच आवाजाची सवय केली आणि मग अगदी कमी हवेवर पाय सुकवला. धुणं सुरुवातीला जास्त होतं, खपल्या निघत गेल्या तसं कमी करत नेलं कारण रोज रोज धुतलं तर आपणच पुन्हा ओल देतोय.

आता तिला थोडा वेळ बाहेर सोडतो तेव्हा पायाला चिखल लागतोच, पण आल्या आल्या पाइपने धुवत नाही. चिखल वाळू द्यायचा आणि मग मऊ ब्रशने झाडायचा. बॅरियर क्रीम, म्हणजे ओल कातडीपर्यंत पोचू न देणारं क्रीम, फक्त बऱ्या झालेल्या, स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या कातडीवर. ओल्या किंवा खपली असलेल्या पायावर असलं जाड तेलकट क्रीम फासलं तर जंतू आणि ओल दोन्ही आत बंद होतात.

अजून एक महत्त्वाचं, पायावर खपल्या दिसल्या म्हणजे मड फीव्हरच असं नसतं. लांब केसांचा घोडा सारखा पाय आपटत असेल, पायाला पाय घासत असेल तर कोरिऑप्टिस माइट्स, म्हणजे कातडीवरचे बारीक किडे, असू शकतात, त्याला औषध वेगळं. फक्त पांढऱ्या भागावर, उन्हात वाढणारा त्रास असेल तर फोटोसेन्सिटायझेशनचा, म्हणजे कातडीला ऊन सहन न होण्याचा, विचार करावा लागतो, त्यात कधी कधी मूळ दुखणं लिव्हरचं असतं आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पांढऱ्या पायांना रक्तवाहिन्यांच्या सुजेचाही एक आजार होतो. कोरडं ठेवून आणि नीट उपचार करूनही फरक पडत नसेल तर नवीन क्रीम शोधत बसू नका, व्हेटकडून खपलीचा नमुना तपासून घ्या. आणि पाय वरपर्यंत सुजला, घोडा लंगडायला लागला किंवा ताप ३८.५ डिग्री सेल्सियसच्या वर गेला तर त्याच दिवशी व्हेटला बोलवा, इन्फेक्शन कातडीच्या खाली उतरलेलं असू शकतं आणि तिथं वरून लावायच्या औषधाने भागत नाही.

आता पुढचं काम जागेचं. सगळ्यात जास्त चिखल होतो तो फाटकापाशी आणि पाण्याच्या टाकीभोवती, घोडे तासन् तास तिथंच उभे असतात. तिथली मऊ माती काढून खडी टाकायचं ठरवलंय, पाणी वाहून जायला उतार द्यायचाय, आणि चारा रोज त्याच जागी न टाकता फिरवत राहायचं. तोवर सगळा खराब कोपरा दोरी लावून बंद केलाय. हिचे ब्रश, टॉवेल आणि पायाचे बूट वेगळे ठेवलेत, बाकीच्या घोड्यांचे पाय रोज संध्याकाळी केसांत बोटं घालून चाचपतो कारण पहिली बारीक खपली डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते. डाव्या पायाच्या त्या खपल्या निघाल्या की पुढची नोंद टाकतो.