पाहुण्यांचं गेट

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही, पण अवे मॅच, म्हणजे दुसऱ्या संघाच्या मैदानावर जाऊन बघायची मॅच, मात्र शिकावी लागते. आमच्याकडे पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी तरुण मंडळ असो, सगळ्या तालमींची मॅच एकाच शाहू स्टेडियमवर. पेठेतून चालत जायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि चालतच घरी यायचं. जास्तीत जास्त लांबचा प्रवास म्हणजे हरल्यावर दुसऱ्या पेठेतली गल्ली टाळून वळसा घालून येणं. त्यामुळे मॅच बघायला तीन दिवस रजा टाकून दुसऱ्या देशात जायचं हे मी बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "तिकडं टीव्ही न्हाई व्हय?"

नोव्हेंबर २०२३. मी नोकरीनिमित्त डॉर्टमुंडला राहतो आणि तिथे राहून तिथल्या बोरुसिया या फुटबॉल क्लबचा न होणं अवघडच. संघाचा पिवळा रंग पहिल्यांदा बघितला तेव्हा मला जेजुरी आठवली होती. दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये पंचवीस हजार माणसं उभ्याने मॅच बघतात, आणि गोल झाला की भंडारा उधळल्यासारखं दिसतं. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, चिठ्ठ्या निघाल्या आणि आमच्या गटात आले पॅरिस, न्यूकासल आणि एसी मिलान. ऑफिसात लोकांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मिलानची तारीख बघत होतो: २८ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री नऊ.

तिकीट मिळवणं हा पहिला टप्पा, आणि तो सगळ्यात सोपा निघाला. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांमध्ये स्टेडियमच्या पाच टक्के जागा पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ठेवाव्या लागतात. मिलानच्या सान सिरोसारख्या अवाढव्य स्टेडियमचे पाच टक्के म्हणजे चार हजारांच्या आसपास. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटाला ७० युरोंची कमाल मर्यादाही होती, म्हणजे खिशाला फार मोठं भोक पडणार नव्हतं. आमच्या छोट्या फॅन क्लबच्या वाट्याला चार तिकिटं आली, अकरा जणांनी नावं दिली, टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. तिसरी चिठ्ठी माझी.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. फॅन क्लबच्या खजिनदार बाईंचा निरोप आला: पासपोर्टवर आहे तसं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लगेच कळवा. जन्मगाव? मॅच बघायला? इटलीत असंच असतं म्हणे. २००५ साली आलेल्या नियमांनंतर तिथे मोठ्या स्टेडियमची तिकिटं नावानिशी दिली जातात आणि गेटवर ओळखपत्राशी पडताळून बघतात. २००७ मध्ये कातानियाच्या मॅचच्या वेळी झालेल्या दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव गेला, त्यानंतर तर हे सगळं आणखी कडक झालं. तिकीट मित्राला देऊन टाकावं, आयत्या वेळी बदली माणूस पाठवावा, असल्या सोयी तिथे नाहीत. मी मोबाइलवर भरभर टाइप केलं: सूरज, आडनाव, जन्मतारीख, कोल्हापूर. आणि पाठवून दिलं.

चूक कुठे झाली ते मराठी वाचकांच्या लगेच लक्षात येईल. माझ्या पासपोर्टवर 'नाव' या रकान्यात नुसतं सूरज नाही, 'सूरज बाळासाहेब' आहे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतंच, आणि पासपोर्टवाल्यांना मधलं नाव ठेवायला वेगळी जागा नाही, म्हणून ते माझ्याच नावाला चिकटलेलं. जर्मनीच्या रहिवासी कार्डावरही तसंच. मला हे सुचलं ते तिकीट हातात आल्यावर, निघायच्या पाच दिवस आधी. खजिनदार बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता यादी गेली, बदल होणार नाही, पासपोर्ट मूळचा घेऊन जा आणि हसत राहा. नियम पाळण्यावर जीव टाकणाऱ्या देशातल्या बाईंनी 'हसत राहा' असं सांगितल्यावर मला जास्तच भीती वाटली.

आमच्या चौघांत एक सत्तरीचे आजोबा होते. ते २००२ साली सान सिरोला जाऊन आले होते. युएफा कपची उपांत्य फेरी. पहिली मॅच डॉर्टमुंडने घरी ४-० जिंकलेली, आमोरोसोचे तीन गोल. परतीची मिलानमध्ये ३-१ हरली, तरी एकूण बेरजेत अंतिम फेरी गाठली. त्या रात्रीबद्दल त्यांना गोल सोडून सगळं आठवत होतं: कॉफी केवढ्याला होती, स्टँडच्या जिन्याला किती वळणं होती. त्यांनीच ठरवलं की विमान नको, रेल्वेने जाऊ. विमानाने गेलं की आपण कुठे आलोय ते कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी पहाटे निघालो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत पाचेक तास, त्यापुढे आल्प्स. एरवी गाडी ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून वीसेक मिनिटांत पलीकडे जाते. पण त्या वर्षी १० ऑगस्टला त्याच बोगद्यात एक मालगाडी चाक तुटून घसरली होती, सात किलोमीटरचा रूळ उखडला होता. दुरुस्ती चालू असल्यामुळे आमची गाडी जुन्या डोंगरी मार्गाने वळवलेली. तासभर उशीर म्हणून डब्यातले लोक कुरकुरत होते. मी नाकाला काच लावून बसलो. खंडाळ्याचा घाट किती वेळा बघितलाय, पण हे वेगळंच. गाडी डोंगराच्या पोटात गोल फिरते आणि वरच्या अंगाला बाहेर पडते. वासेन नावाच्या गावात एक पांढरं चर्च आहे. ते आधी डोक्यावर दिसलं, मग बोगदा, मग समोर दिसलं, पुन्हा बोगदा, आणि मग खाली. आजोबा बोटं मोडून मोजत होते: एक, दोन, तीन. मग १८८२ सालचा पंधरा किलोमीटरचा जुना बोगदा, आणि बाहेर आलो तर स्टेशनांच्या पाट्या इटालियन, अजून स्वित्झर्लंड संपलेलं नसताना.

कियासोला, म्हणजे सीमेवर, तपासणी झाली. आमच्या चौघांत पासपोर्ट फक्त माझा मागितला. कारण विचारायची गरज नव्हती. आजोबांनीच संतापून आपलं ओळखपत्र त्या शिपायाच्या नाकासमोर धरलं, त्याने न मागता. त्याने ते बघितलंही नाही. माझं कार्ड दोन्ही बाजूंनी बघून परत दिलं, बस.

मिलानच्या हॉटेलात पुन्हा पासपोर्ट. इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांना कळवावी लागते, त्यामुळे रिसेप्शनवरची मुलगी मन लावून टाइप करत बसली. किल्ली देताना म्हणाली, "ग्रात्सिए, सिन्योर बालासाएब." इटालियन लोक 'ह' उच्चारतच नाहीत. मला उद्याच्या गेटची आठवण होऊन पोटात गोळा आला.

मंगळवारचा दिवस मोकळा होता. दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकात दुपारपासूनच पिवळे-काळे मफलर जमायला लागले होते. क्लबच्या सूचनापत्रात शहरात एकेकट्याने रंग मिरवू नका असं स्पष्ट लिहिलेलं, पण हजारभर लोक एकत्र असले की एकेकटं कोण राहतं? जेवायला रिसोत्तो मागवला. मिलानचा रिसोत्तो केशराचा, पिवळाधमक, म्हणजे आमच्याच रंगाचा. दिसायला केशरीभात आणि चव तिखट-गोड काहीच नाही, चीज आणि लोणी. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं, पारंपरिक पद्धतीत त्यात हाडातली मज्जा घालतात. मी विचारलं नाही. मी कोल्हापूरचा आहे.

सहा वाजता आम्ही निघालो. गारिबाल्दी स्टेशनवरून जांभळी मेट्रो, एम-५, थेट 'सान सिरो स्तादिओ' या शेवटच्या स्टेशनाला जाते. मेट्रोला ड्रायव्हर नाही, त्यामुळे पुढच्या काचेपाशी उभं राहून बोगदा बघता येतो. बाहेर पडलो आणि स्टेडियम समोर. टीव्हीवर शेकडो वेळा बघूनही अंदाज येत नाही. मूळ स्टेडियम १९२६ चं, त्यावर १९५५ मध्ये दुसरा मजला आणि १९९० च्या वर्ल्ड कपसाठी तिसरा. त्या तिसऱ्या मजल्यासाठी सिमेंटचे अकरा गोल मनोरे उभे केले आणि चार कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांवर लालभडक तुळया टाकल्या. रात्रीच्या प्रकाशात एखादं बांधकाम चालू असलेलं धरण असावं तसं दिसतं.

पाहुण्यांच्या विभागाला इटालियनमध्ये 'सेत्तोरे ओस्पिती' म्हणतात. ओस्पिती म्हणजे पाहुणे. पाहुणचार असा: लोखंडी बॅरिकेडची गल्ली, दोन्ही बाजूंना हेल्मेटवाले पोलीस, पहिली तपासणी तिकिटाची, दुसरी अंगझडती, तिसरी तिकीट आणि ओळखपत्राची. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात, बाटली देतात. झाकणाने नक्की काय इजा होते असं मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, भरलेली बाटली झाकण असलं की दगडासारखी लांब जाते. त्यांना हे माहीत कसं, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या तपासणीला एक पन्नाशीचा माणूस होता, पिवळं जॅकेट, गळ्यात दोरीला चष्मा. तिकीट बघितलं. पासपोर्ट बघितला. पुन्हा तिकीट. मागे दोनशे माणसं. त्याने पासपोर्टवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बालासाएब?"

मी इंग्रजीत सुरू केलं: आमच्या राज्यात मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव... तो शांतपणे मान हलवत होता, म्हणजे त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मी जर्मनीचं कार्ड काढलं, तर त्यावरही बाळासाहेब. पुरावा माझ्याच विरुद्ध गेला. शेवटी मी पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं. आपल्या पासपोर्टवर तिथे वडिलांचं नाव छापलेलं असतं; एरवी त्याचा उपयोग काय, असं मला नेहमी वाटायचं. मी आधी पहिल्या पानावरच्या बाळासाहेबांवर बोट ठेवलं, मग शेवटच्या पानावरच्या बाळासाहेबांवर, आणि म्हणालो, "पापा."

तो चष्मा लावून वाकला. अक्षरं जुळवून बघितली. "आ, इल पापा!" म्हणाला, शेजारच्या पोरीला पासपोर्ट दाखवून काहीतरी सांगितलं, दोघं हसली, आणि तिकीट यंत्राला लावून त्याने मला आत ढकललं.

मग चढण. तिसरा मजला मनोऱ्याला गुंडाळलेल्या उताराने चढायचा, गोल गोल, आदल्या दिवशी डोंगरात गाडी चढली होती तसाच. आजोबा तीनदा थांबले. वर आमचा कोपरा जाळी आणि काचेने वेगळा केलेला, खुर्च्या इतक्या उभ्या चढणीवर की पुढच्याचं डोकं आपल्या गुडघ्यापाशी. खाली खेळाडू कॅरमच्या सोंगट्यांएवढे. कोण कुठला ते चालण्यावरून ओळखायचं.

मॅचबद्दल थोडक्यात, कारण निकाल कुठेही मिळेल. सहाव्या मिनिटाला मिलानला पेनल्टी, जिरूची किक आमच्या गोलकीपर कोबेलने अडवली. त्यानंतर चारच मिनिटांनी पेनल्टी आम्हाला, आणि रॉयसने ती मारली. चुकवुएझेने बरोबरी केली तेव्हा ते सिमेंटचं धड खरोखर हललं. पायाखाली जाणवलं मला. दुसऱ्या अर्ध्यात बायनो-गिटेन्स, मग आडेयेमी. ३-१. गटातून पुढे जाणं पक्कं, तेही एक मॅच शिल्लक ठेवून. आजोबा ओरडत नव्हते. २००२ चा तोच स्कोअर उलटा झाला होता, आणि ते बोटं मोडून बघत होते: एक, दोन, तीन.

यानंतरचा भाग कुणी सांगत नाही. मॅच संपली की पाहुण्यांना बाहेर सोडत नाहीत. यजमान प्रेक्षक पांगेपर्यंत थांबायचं. सत्तर हजार माणसं निघून गेली, दिवे निम्मे झाले, खाली माळी गवतावर फिरायला लागले, आणि आम्ही वर अडकलेले. पहिली वीस मिनिटं गाणी. खेळाडू आमच्याखाली येऊन हात वर करून गेले तोवर तर जत्राच. त्यानंतर थंडी. मोबाइल चार टक्क्यांवर. शौचालयाची रांग जिन्यापर्यंत. कुणीतरी ब्रेडचा एक तुकडा काढला आणि तो सहा जणांनी वाटून खाल्ला. तासभर गेला असेल. मग बॅरिकेड उघडलं आणि पोलिसांनी गट करून मेट्रोपर्यंत सोडलं. गारिबाल्दीला पोचेपर्यंत पुढची गाडी बंद. मफलर जॅकेटच्या आत घालून चौघं चालत हॉटेलवर गेलो, आजोबा सगळ्यात पुढे.

महिनाभराने मी कोल्हापूरला सुट्टीवर गेलो तेव्हा ते तिकीट बाबांना दिलं. गेटवरची गोष्ट त्यांना फोनवर आधीच तीनदा सांगून झाली होती आणि त्यांनी ती पेठेत तीसदा. बाबा स्वतः पूर्वी तालमीकडून हाफबॅक खेळायचे. त्यांनी चष्मा लावला, तिकीट उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"अरं, ह्याच्यावर माझं नाव कुठाय?"

"नाहीये बाबा. म्हणून तर सगळा घोळ झाला."

"आत सोडलं माझ्या नावानं, आणि तिकिटावर तुझं?" ते म्हणाले, आणि तिकीट कपाटात आपल्या जुन्या ढालींच्या मागे नेऊन ठेवलं.