चौदावं कलम आणि बारावी कला

आमचं कनिष्ठ महाविद्यालय पांढरकवड्याहून बरंच आत आहे. दिवाळीनंतर पऱ्हाटी फुटली की बारावी कलेचा वर्ग निम्मा रिकामा होतो. वेचणीला मजूर मिळत नाहीत, मग घरची मुलंच वावरात जातात. त्यांना मी कधी रागावत नाही. आलेल्या मुलांना घेऊन मात्र धडा पुढे रेटत नाही, त्यांच्याबरोबर एखादा प्रश्न मुळापासून उलगडून बघते.

त्या दिवशी वर्गात जिनिव्हा मांडायचं ठरवलं होतं. म्हणजे तिथे ज्याच्या वाटाघाटी झाल्या तो सीटीबीटी, समग्र अणुचाचणी बंदी करार. परीक्षेत यावर टीप येते आणि मुलं चार ओळी लिहितात: करार १९९६ साली झाला, भारताने सही केली नाही, कारण तो भेदभाव करणारा होता. गुण मिळतात. पण ‘नाही’ कोणी म्हटलं, कोणत्या खोलीत, कोणासमोर आणि नेमकं कशाला, हे कुणाला ठाऊक नसतं. राज्यशास्त्र शिकवताना मला याचं फार वाईट वाटतं. देश काही बोलत नाही, देशाच्या वतीने कुणीतरी उभं राहून बोलतं. जिनिव्हात तेव्हा भारताच्या वतीने बोलत होत्या अरुंधती घोष. १९६३ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या, मुंबईत वाढलेल्या. आमच्या मुलांनी हे नाव ऐकलेलंही नव्हतं.

आधी फळ्यावर थोडी पार्श्वभूमी लिहिली. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख समुद्रावर दूर असलेल्या जपानी मच्छीमारांच्या अंगावर पडली. पुढच्याच महिन्यात नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की चाचण्या थांबवा. म्हणजे ही मागणी करणाऱ्यांत आपण अगदी पहिले. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांत या कराराच्या वाटाघाटींसाठी जो ठराव आला, त्याच्या सूचकांतही भारत होता. मग १९९६ ला आपणच अडून कसे बसलो? मुलांना इथेच अडायला होतं, आणि अडायलाच हवं.

देशांच्या चिठ्ठ्या केल्या. अमेरिका निघाली वर्गातल्या सगळ्यात बोलक्या पोराला. भारत निघाला एका मुलीला, जी एरवी हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणते तेवढंच. सकाळभर वेचणी करून ती थेट वर्गात आली होती. बोंडाची वाळकी टोकं नखांशेजारी टोचून तिची बोटं ओरखडली होती, ओढणीच्या काठाला सरकीसकट कापसाचा एक पुंजका चिकटलेला होता. चिठ्ठी उघडून ती म्हणाली, “मॅडम, मले नाई जमणार. दुसऱ्या कोनाले द्या.” मी चिठ्ठी बदलली नाही.

नियम खरेच ठेवले. जिनिव्हाच्या नि:शस्त्रीकरण परिषदेत बहुमत चालत नाही. सगळे राजी असतील तरच मसुदा पुढे जातो, एकाने हात आखडला की थांबला. मसुद्यातली महत्त्वाची कलमं मी मराठीत करून झेरॉक्स काढून आणली होती. आणि सांगून टाकलं की चारच्या एसटीच्या आत निर्णय व्हायला हवा.

ती वेळेची अट नकळत फार कामाची ठरली. कारण जिनिव्हातही तेव्हा घाईच होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सप्टेंबरातल्या अधिवेशनाआधी करार हातात हवा होता. फ्रान्सने पॅसिफिकमधल्या चाचण्या जानेवारी १९९६ मध्ये आटोपल्या, चीनने आपली शेवटची चाचणी जुलैत, वाटाघाटी सुरू असतानाच केली. ज्यांचं करून झालं होतं, ते आता बंदीसाठी उतावीळ होते.

अमेरिकावाला उभा राहिला आणि त्याने झकास मांडलं. चाचण्या थांबल्या तर नवा बॉम्ब बनणार नाही, हवा-पाणी वाचेल, लहान देशांचं भलं होईल. रशिया, फ्रान्स, ब्रिटन सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भारताकडे बघून तो म्हणाला, “सारं जग तयार हाये. तू एकटीच काहून अडून बसून रायली?”

ती काही बोलली नाही, कागद वाचत बसली. मागून कुणी म्हणालं, “कर ना माय सही, यस्टी जाईन.” वर्ग हसला. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. मी मध्ये पडले नाही, पण मनातून वाटत होतं की हिने वाचत राहावं, घाबरून मान हलवू नये.

शेवटी तिने पहिलं बोट ठेवलं ते बंदीच्या कलमावर. “याच्यात स्फोट बंद म्हनते. मंग कम्प्युटरवर करून पाहाचं बंद हाये का?” नव्हतं. प्रयोगशाळेतल्या, स्फोटापर्यंत न जाणाऱ्या चाचण्या आणि संगणकावरची प्रतिरूपं यांना करारात आडकाठी नव्हती. ज्यांच्याकडे आधीच्या शेकडो स्फोटांची माहिती साठलेली, त्यांचं काम चालू राहणार. घोष यांचा जिनिव्हातला एक मोठा मुद्दा हाच होता. दुसरा असा की अण्वस्त्रं संपवण्याची कालमर्यादा करारात कुठेच नाही. १९८८ मध्ये राजीव गांधींनी आमसभेपुढे टप्प्याटप्प्याने नि:शस्त्रीकरणाचा आराखडा ठेवला होता. त्याची सावलीही या मसुद्यावर नव्हती.

मग ती चौदाव्या कलमावर आली. परिशिष्टातल्या ४४ देशांनी मान्यता दिल्यावर, म्हणजे नुसती सही नाही तर आपापल्या देशात करार रीतसर मंजूर केल्यावर, १८० दिवसांनी करार अमलात येईल. यादीत अणुभट्ट्या असलेले देश, आणि त्यात भारताचं नाव. तिने यादी दोनदा वाचली.

“आमी तर सही करत नाई म्हनलं. तरी आमचं नाव याच्यात कायले टाकलं?”

अमेरिकावाला म्हणाला, “तुह्याकडे अणुभट्टी हाये म्हनून.”

“मंग इचारलं काहून नाई? सोसायटीच्या कर्जात न इचारता जामीनदार म्हनून नाव टाकाव, तसं झालं हे.”

आमच्याकडे ही गोष्ट सांगावी लागत नाही. घराघरात कुणाचं तरी नाव असं कुठेतरी अडकलेलं असतं. हसणारी पोरं कागदात डोकं घालून चौदावं कलम शोधायला लागली.

तिथेच पुढची ओळ आहे. तीन वर्षांत करार अमलात आला नाही, तर मान्यता दिलेल्या देशांची परिषद भरेल आणि मान्यतेची प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून काय उपाय करायचे ते ठरवेल. तिने विचारलं, “उपाय म्हंजे काय करतीन?” कुणाकडे उत्तर नव्हतं. दिल्लीलाही तेव्हा हीच धास्ती होती की आज सही न करणाऱ्यावर उद्या या ओळीच्या आधाराने दबाव येईल. जून १९९६ मध्ये भारताने या करारात सामील होणार नाही असं जाहीर केलं, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण उघडपणे पुढे ठेवलं आणि चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या जाळ्यातून आपली केंद्रंही काढून घेतली. तरी अंतिम मसुद्यातल्या ४४ मध्ये नाव राहिलंच. घोष यांनी ठणकावून सांगितलं की भारत या विषम करारावर आता सही करणार नाही, नंतरही करणार नाही, आणि हे कलम असेपर्यंत हा करार अमलात येणार नाही.

राजनयिक म्हटलं की आपल्याला हस्तांदोलन आणि फोटो आठवतात. मला त्यांच्या कामात मोलाचं वाटतं ते वाचन. खोलीतल्या सगळ्यांना घाई असताना एक माणूस कलमाची दुसरी ओळ वाचतो आणि कारणासकट ‘नाही’ म्हणतो. शांततेवरच्या चर्चेत ‘नाही’ म्हणणारा शांततेच्या विरोधातला ठरतो, ते ओझंही त्यालाच उचलावं लागतं.

ऑगस्टमध्ये जिनिव्हात भारताने मसुदा रोखला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने तोच मजकूर आमसभेत नेला. तिथे बहुमत चालतं. म्हणून आम्हीही मतदान घेतलं. भारताबरोबर एकच हात वर आला, लिबियाच्या चिठ्ठीवाल्याचा. मग मी खरे आकडे सांगितले. १० सप्टेंबर १९९६, बाजूने १५८, विरोधात ३, तटस्थ ५. विरोधात भारत, लिबिया आणि भूतान. भूतानची चिठ्ठी असलेला पोरगा चमकला, “मी काहून?” मग १९४९ चा भारत-भूतान तह सांगावा लागला. परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला घेण्याचं कलम त्यात होतं, ते २००७ मध्ये बदललं.

अमेरिकावाला मात्र सोडायला तयार नव्हता. “मॅडम, दोनच वर्षांनी आपण पोखरणले स्फोट केले ना? मंग हे सारं आपल्या बॉम्बसाठीच होतं.”

प्रश्न रास्त होता. टाळून चाललं नसतं. मी त्याला म्हटलं, होय, पर्याय खुला ठेवायचा होता, आणि तो हेतू भारताने लपवला नव्हता. पण म्हणून करारातली विषमता खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि १९९८ च्या स्फोटांनंतर भारताने स्वतःहून चाचण्या थांबवल्या, हेही तितकंच खरं. त्याचं समाधान झालं नाही. एसटी आली तेव्हा तो भूतानवाल्याशी भांडतच चढला.

पुढे काही दिवस भारतवाली दिसली नाही, वेचणीचा भर होता. आली ती थेट स्टाफरूममध्ये. तिला ४४ देशांची पूर्ण यादी हवी होती, आणि कोणी काय केलं तेही. आम्ही दोघींनी मिळून खुणा केल्या. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाची सहीच नाही. चीन, इजिप्त, इराण, इस्रायल यांची सही आहे, मान्यता नाही. रशियाने दिलेली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली. आणि अमेरिका? राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २४ सप्टेंबर १९९६ ला, पहिल्याच दिवशी, सगळ्यांत आधी सही केली. १३ ऑक्टोबर १९९९ ला त्यांच्याच सिनेटने करार ४८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला. करार आजही अमलात आलेला नाही.

ती कागदाकडे बघत म्हणाली, “मंग अमेरिकावाला माह्यावर इतका कायले वरडत होता?” आणि कागद घेऊन त्याला गाठायला गेली.

आता तो माझ्या मागे लागला आहे. सिनेटमध्ये विरोधात मत देणाऱ्यांची कारणं त्याला वाचायची आहेत, मराठीत.