एल्सवर्थ पर्वतरांग: जाण्याआधी नकाशा नीट वाचा

चिलीतल्या पुंता अरेनासहून निघालेलं विमान अंटार्क्टिकात युनियन हिमनदीच्या निळ्या बर्फावर थेट चाकांवर उतरतं. डोंगरावरून येणारा वारा इथला भुसभुशीत बर्फ झाडून नेतो, म्हणून हे जमतं. उतरताना हात खिशात ठेवू नका. बर्फ काचेसारखा आहे.

इथे पोचलं की अंटार्क्टिकातलं सर्वोच्च शिखर व्हिन्सन समोर दिसेल, असं अनेकांना वाटतं. दिसत नाही. सुमारे ३६० किलोमीटर लांबीच्या या पर्वतरांगेचे मिनेसोटा हिमनदीने दोन भाग केले आहेत. तुम्ही उतरता ती दक्षिणेची हेरिटेज रांग. व्हिन्सन उत्तरेच्या सेंटिनेल रांगेत. तिथे जायला स्कीवाल्या छोट्या विमानाने ब्रॅन्सकॉम्ब हिमनदी गाठायची, म्हणजे हवामानाची वाट पाहणं पुन्हा आलंच. जादा दिवस हाताशी ठेवाच, परतीचं तिकीट बदलता येणारं काढा.

हेरिटेज रांगेत लिबर्टी, इंडिपेन्डन्स, पेट्रियट अशा नावांच्या टेकड्या आहेत. अमेरिकेचा नागरिकशास्त्राचा धडाच बर्फावर मांडून ठेवलाय! सेंटिनेल हे नाव मात्र अमेरिकन शोधप्रवासी लिंकन एल्सवर्थने दिलेलं. २३ नोव्हेंबर १९३५ रोजी विमानातून जाताना त्याला ही शिखरं दिसली. त्याच्या बायकोचं नाव आज २,७७५ मीटरच्या माउंट अल्मरला आहे. सर्वोच्च शिखराला नाव मिळालं ते कार्ल व्हिन्सन या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या खासदाराचं, कारण अंटार्क्टिक मोहिमांना त्याचा पाठिंबा होता. मला हा न्याय काही पटत नाही. अलीकडे अंटार्क्टिकातल्या ठिकाणांना नावं देणाऱ्या बल्गेरियाच्या समितीनेही इथे ढीगभर नावं दिली आहेत, त्यामुळे जुना नकाशा नेलात तर गाइड बोलतो ती शिखरं त्यावर सापडायची नाहीत.

व्हिन्सनच्या उंचीचंही तेच. जुन्या पुस्तकांत ४,८९७ मीटर आहे. २००४ च्या जीपीएस मोजणीपासून ४,८९२ धरतात. २००६ पासून ‘माउंट व्हिन्सन’ म्हणजे शिखर आणि ‘व्हिन्सन मॅसिफ’ म्हणजे सगळा डोंगर, अशी अधिकृत फोड झाली आहे.

चढाईच्या मोसमात सूर्य मावळत नाही, पण खालच्या कॅम्पवर तो काही तास डोंगराआड जातो. तेवढ्यात श्वासाची वाफ तंबूला आतून गोठते आणि हात लागला की भुगा मानेत पडतो. ऊन तंबूवर येईपर्यंत स्लीपिंग बॅगमधून निघू नका. लघवीची बाटली रुंद तोंडाची घ्या. विष्ठेसकट सगळा कचरा अंटार्क्टिकाबाहेर न्यावा लागतो. विष्ठेच्या पिशव्या वापरायची सवय घरीच करून घ्या, थंडीत हातमोजे घालून शिकणं अवघड जातं.